पायाचं काम डोळ्यांना, हाताला

तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तोल जातो, बेसिनची कड धरावी लागते, असं घरातलं कुणी म्हणालं तर 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नये. तळपायाच्या नसा मंदावल्याची ती खूण असू शकते. पाऊल सरळ पडलं की तिरपं, जमीन कडक की भुसभुशीत, ही खबर शरीरातल्या सर्वांत लांब नसा वर पोचवतात. आणि बिघाडही बहुधा बोटांच्या टोकाकडूनच सुरू होतो. खबर येईनाशी झाली की पायाचं काम डोळे सांभाळतात. म्हणून दिवसा ठीक चालणारी माणसं लाईट गेली की पडतात.

नालवाडीच्या परिसराला बधिर पाय नवे नाहीत. वर्ध्याजवळच्या या गावात विनोबा 1932 च्या अखेरीस राहायला आले. त्यांच्या प्रेरणेनं मनोहर दिवाणांनी 1936 साली जवळच दत्तपूरला कुष्ठधाम उभारलं. कुष्ठरोगात नसा मरतात, काटा रुतला तरी कळत नाही, आणि कळत नाही म्हणून माणूस त्याच पायावर कोसभर चालतो. पाय झिजतो तो या चालण्यानं. तेव्हा अशा रुग्णांना शिकवलं जातं ते एवढंच: दुखण्याची वाट बघू नका, रोज पाय धुवा, तळवा उलटून बघा, चप्पल झटकल्याशिवाय पायात घालू नका.

आज बधिर पाय जास्त दिसतात ते शुगरमुळे. काहींचे बी-12 कमी पडल्यानं, काहींचे दारूनं. कारण शोधायला डॉक्टरकडे जावंच लागतं. पण शिकवण तीच लागू पडते. गंमत अशी की मुंग्या येतात तोवर आपण महागडी तेलं चोळतो, आणि मुंग्या थांबून पाय गप्प झाला की 'बरं वाटलं' म्हणतो. धोका तिथून वाढलेला असतो.

घर आपण जाणत्या पायांसाठी मांडलेलं असतं. न जाणणाऱ्या पायांसाठी ते थोडं बदलावं लागतं. पलंगापासून संडासापर्यंत रात्रभर जळणारा छोटा दिवा हवा. दारातलं गोळा होणारं पायपुसणं काढावं. अंगठ्याची सपाता पायातून निसटते आणि पायाला पत्ता नसतो. मागून पट्टा असलेली चप्पल बरी. नव्या घरांतल्या चकचकीत टाइल्सपेक्षा मला तरी न्हाणीतली जुनी खरबरीत फरशीच शहाणी वाटते. तिथं बसून अंघोळ करावी आणि धरायला भिंतीत पक्का बसवलेला दांडा असावा. टॉवेलची दांडी माणसासकट खाली येते. पाण्याचा अंदाज पायानं नाही, कोपरानं घ्यावा. नसा बिघडल्या की काहींचं उठताना बीपीही उतरतं, म्हणून पहाटे उठल्यावर पलंगाच्या कडेला क्षणभर बसून मगच उभं राहावं.

आणि काठी. तिची लाज फार. 'अजून तेवढा म्हातारा नाही झालो' हे वाक्य ऐकलं नाही असं घर नसेल. पण काठी फक्त वजन पेलायला नसते. भिंतीला नुसतं बोट टेकलं तरी अंग कमी हलतं, कारण तळव्यानं द्यायची खबर आता बोट देतं. काठीही तेच करते. खड्डा, ओल, पायरीची कड तळहाताला कळवते. उभं राहून हात सैल सोडला की मनगटापर्यंत येईल एवढी तिची उंची असावी. खालचं रबर झिजून गुळगुळीत झालं की बदलावं, ओल्या फरशीवर ते सरकतं.

वर्ध्याच्या मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो. तेव्हा देवळाच्या तापलेल्या फरसबंदीवर अनवाणी प्रदक्षिणा घातली तर पोळलेलं संध्याकाळी, फोड बघितल्यावर समजतं. दर्शन सकाळी लवकर उरकावं, आणि चपला बाहेर ठेवताना काठीही तिथंच ठेवून आत जाऊ नये.