शाळेतील मुलांस राज्यघटना कां शिकवावी?

किन्हवलीच्या आसपास शहापूर व मुरबाड तालुक्यांत ज्यांची मुले शाळेत जातात, त्यांस ठाऊक असेल की परिपाठाच्या वेळी राज्यघटनेची उद्देशिका म्हटली जाते. ता. २६ जानेवारी २०२० पासून महाराष्ट्र सरकारने शाळांतून हे वाचन आवश्यक केले. न्याय व समता हे शब्द मुलांस तोंडपाठ असतात. परंतु जे अभिवचन वडीलधाऱ्यांनी पुरते पाळिले नाही, ते लेकरांकडून पाठ करवून घेणे उचित आहे काय?

ही शंका पोकळ नव्हे. दिवाळी सरली की कित्येक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांकडे निघतात. मुकादमाची उचल फेडावयाची असते, आणि मागे सांभाळणारे कोणी नसल्यामुळे मुलेही बरोबर जातात. सन २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वर्षांच्या बालकांस शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला. त्याच दुरुस्तीने मुलास शिकण्याची संधी देण्याचे कर्तव्य आईबापांवरही ठेविले. मग दोष बापाचा, असे म्हणून आपण मोकळे व्हावे काय? ज्याने पोटासाठी उचल घेतली त्यास नुसते कर्तव्य ऐकविणे, हे मला तरी न्यायाचे वाटत नाही.

उद्देशिकेचा आरंभ ‘आम्ही’ ह्या शब्दाने होतो. ‘आपण’ म्हटले म्हणजे ऐकणाराही त्यात येतो. ‘आम्ही’त केवळ बोलणाऱ्याचा पक्ष येतो. म्हणून हा शब्द ज्याने त्याने स्वमुखाने उच्चारावा लागतो. भट्टीवर गेलेल्या मुलाची परिपाठातील जागा रिकामी राहिली, म्हणजे त्या ‘आम्ही’तून एक जण गळाला. शिक्षकाने वर्गात उघड विचारावे की, आज कोण आला नाही, आणि कां?

पौल जन्माने रोमी नागरिक होता. त्यास बांधून फटके मारण्याची तयारी चालली असता त्याने शताधिपतीपुढे आपला हक्क मांडिला, आणि फटके टळले. हक्क असूनही त्यास तो ठाऊक नसता तर? तेव्हा न फिटलेले अभिवचन मुलांपासून लपवू नये. देणे म्हणजे काय, हे उचलीच्या घरातील लेकरास चांगले कळते. येथे येणे त्याचे आहे, एवढेच त्यास सांगावयाचे.

स्थलांतर करणाऱ्या मुलास भट्टीजवळच्या शाळेत घेतले जावे म्हणून शिक्षण हमी कार्ड देण्याची सोय आहे. वाड्यांवर जाणाऱ्या बंधूंनी दिवाळीपूर्वीच आईबापांस ते मागावयास सांगावे, आणि ते शाळेत जावयास बिचकत असल्यास स्वतः बरोबर जावे.