खाली किती?

भरवेलीच्या खाणीत एका माणसाने आयुष्यभर नोकरी केली, पण मॅंगनीजचा एक दगडही त्याने कधी फोडला नाही. त्याचं काम वर, लॅम्परूममध्ये होतं.

भरवेलीची खाण जमिनीच्या पोटातली. आशियातल्या खोल मॅंगनीज खाणींत तिचं नाव घेतात. पाळीवर आलेला मजूर खिडकीत टोकन द्यायचा, टोपीला लावायचा दिवा घ्यायचा आणि केजमध्ये बसून खाली जायचा. टोकन खिळ्याला लटकायचं. मजूर वर आला की दिवा परत, टोकन परत. सगळे खिळे मोकळे झाले की या माणसाचा जीव भांड्यात पडायचा. एखादं टोकन जरी लटकत राहिलं, तरी तो घरी जात नसे. या घडीला खाली कोण आहे हे वर लिहिलेलं असावं, असं १९५२ चा खाण कायदाही सांगायचा. पण त्याला कायद्याची आठवण करून द्यावी लागत नसे. मोजणं त्याच्या अंगातच मुरलं होतं.

तो निवृत्त झाला. घरात मुलगा, सून आणि कॉलेजात जाणारा नातू होता. नातीच्या लग्नाआधी घरात वायफाय आलं. बसवायला आलेल्या पोराने राउटर भिंतीला ठोकला, पासवर्ड म्हणून एक ते आठ आकडे ओळीने टाकले आणि तो निघून गेला. पाहुण्यांना सारखं सांगायला नको म्हणून नातवाने तोच पासवर्ड कागदावर लिहून दाराला चिकटवला. लग्न झालं, मांडव उतरला. कागद तसाच राहिला.

पुढे नेट मंद झालं. चित्रपट अडकायचा, आवाज तुटायचा. नातू रोज रात्री कंपनीला शिव्या द्यायचा. एके रात्री म्हाताऱ्याने विचारलं, "याच्यावर आत्ता किती जण आहेत?"

"कशाच्यावर, आबाजी?"

"या डब्याच्यावर. खाली किती उतरले?"

हे मोजता येतं, असं नातवाच्या कधी मनातच आलं नव्हतं. त्याने राउटर काढून उलटा केला. मागच्या चिठ्ठीवर एक पत्ता होता, १९२.१६८.१.१. त्याखाली नाव 'ॲडमिन', पासवर्डही 'ॲडमिन'. फोनच्या ब्राउझरमध्ये पत्ता टाकताच राउटरचं पान उघडलं. जोडलेल्या उपकरणांची यादी निघाली. नावं होती अकरा.

म्हाताऱ्याने बोटांवर मोजलं. तीन फोन घरच्यांचे. त्याचा स्वतःचा फोन बटणाचा, तो यात येत नव्हता. चौथा टीव्ही. पाचवा सुनेचा जुना फोन, स्वयंपाकघरात भजनं लावायचा. "बाकीचे सहा कोण?"

नातू हसला. "असतील कोणी. रविवारी बदलतो पासवर्ड."

"खिळ्यावर टोकन लटकत असताना रविवारची वाट पाहात नाही, बापू."

पण नातवाने वाट पाहिली. रविवारी तो पान उघडायला बसला, तर 'ॲडमिन' चालेना. कोणीतरी आत शिरून तो पासवर्डच बदलला होता. घराचा मालक बाहेर आणि हजेरीची वही दुसऱ्याच्या हातात.

"आता?"

"आता राउटर रिसेट," नातू म्हणाला. त्याने टाचणी घेतली, मागच्या बारीक भोकातलं बटण दहा सेकंद दाबून धरलं. दिवे विझले, पुन्हा लागले. सहाही जण बाहेर फेकले गेले. पण त्यांच्याबरोबर घरचं नेटही गेलं. नेट देणाऱ्याने आत भरलेलं नाव आणि पासवर्डही त्या टाचणीने पुसून टाकले होते. ते कागदावर उतरवून ठेवायचं कोणाला सुचलं नव्हतं. फोन केला, तर माणूस मंगळवारी येणार.

सोमवारी संध्याकाळी दारावर थाप पडली. शेजारची बारावीतली पोरगी उभी होती. "आबाजी, तुमचं नेट बंद आहे का? माझी टेस्ट अर्धीच राहिली."

सुनेच्या कपाळाला आठी पडली. पोरीला आपण काय बोलून गेलो ते कळलं, तिने मान खाली घातली. "लग्नात दारावर कागद होता..."

म्हातारा काही वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "चोर विचारायला येत नाही. तू टोकन न देता उतरलीस, एवढंच."

मंगळवारी नेटवाला आला, नाव-पासवर्ड भरून गेला. या वेळी नातवाने ते वहीत उतरवलं. मग त्याने म्हाताऱ्याला समजावलं, की इथे किल्ल्या दोन असतात. एक वायफायची, ती घरच्यांना द्यायची. दुसरी राउटरच्या पानाची, ती कोणालाच द्यायची नाही.

"म्हणजे एक फाटकाची, एक हजेरीच्या वहीची," म्हातारा म्हणाला. "वही ज्याच्या हातात, तो कोणाचंही नाव लिहील आणि कोणाचंही खोडील."

नातवाने आधी वहीची किल्ली बदलली, मग फाटकाची. दोन्ही लांबलचक ठेवल्या आणि वेगवेगळ्या. पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय काढलं. त्याचा पासवर्ड म्हाताऱ्याने स्वतःच्या हाताने चिठ्ठीवर लिहिला आणि शेजारी नेऊन दिला. दारावरचा कागद सुनेने फाडला. उरलेले पाच जण कोण होते, ते कळलं नाही.

घर असो की खाण, कुलूप फोडून येणारे थोडेच. बरेचसे उघड्या दाराने येतात आणि कोणी मोजत नाही म्हणून राहतात. २०१६ साली 'मिराई' नावाच्या प्रोग्रामने जगभरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, त्यालाही फार अक्कल लागली नव्हती. कारखान्यातून आलेल्या नाव-पासवर्डांच्या साठेक जोड्या तो एकामागून एक लावून पाहायचा. मालकांनी त्या बदललेल्याच नव्हत्या. मोजणाऱ्याला मात्र दार सगळ्यांना बंद करावं लागत नाही. आत कोण आहे हे ठाऊक असलं, की एखाद्या पोरीला आत घेता येतं.

त्या रात्री जेवणं झाल्यावर नातवाने पान उघडलं आणि नावं वाचली. म्हाताऱ्याने जुन्या वहीत लिहिलं, "घरचे पाच. शेजारची एक."