फोडलेली पेटी

तासगावच्या बेदाणा सौद्यात पेटी फोडल्याशिवाय भाव निघत नाही. व्यापारी मूठभर बेदाणा तळहातावर घेतो, रंग पाहतो, दाणा दाबतो, मग आकडा बोलतो. त्याच सांगली जिल्ह्यातल्या कडेगावचा मुलगा मात्र नुसती जाहिरात पाहून तीन-चार हजारांच्या गेमचे पैसे आगाऊ भरतो. बेदाण्याला जो न्याय, तो गेमला का नको? प्रकाशनाआधी खेळून पाहायला डेमो मिळालाच पाहिजे, असं माझं म्हणणं. १९९३मध्ये ‘डूम’ या गेमचा पहिला भाग फुकट वाटला गेला आणि त्या चवीवर पुढचे भाग खपले. उलट डिसेंबर २०२०मध्ये ‘सायबरपंक २०७७’ जुन्या प्लेस्टेशनवर इतका अडखळला, की सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला आणि पैसे परत केले. त्याच यंत्रावर तासभर आधी खेळू दिला असता, तर झाकली मूठ तेव्हाच उघडली असती.

यावर कडेगावच्या बागायतदाराचा, गेम बनवणारा मुलगा हसून म्हणेल, “सर, पेटी फुटते कुणाची? सौद्यात बेदाणा सांडतो, उधळला जातो, ती तूट शेतकऱ्याचीच. डेमो ही वेगळी मेहनत, आणि तीही गेम पुरा व्हायच्या आधी. आमच्या गावचे मोहरमचे ताबूत कळसापासून खाली बांधत आणतात. ताबुतांच्या भेटीच्या दिवसाआधी अर्धा ताबूत बघून काय कळणार?”

“ताबूत बघायला तिकीट नसतं,” मी म्हणेन. “इसार घेतला, की माल दाखवणं आलंच.”

“मग ‘राजी’ या गेमचं बघा. पुण्याच्या नॉडिंग हेड्सने २०१७मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडे पैसे मागितले, खेळायला डेमोही दिला. रक्कम जमली नाही. गेम आला २०२०मध्ये. आणि लबाड माणूस पेटीचा वरचा थर निवडूनच लावतो. तुम्हाला नमुना हवाय की खात्री?”

इथे माझा युक्तिवाद अडतो. नमुना खात्री देत नाही, हे खरं. पण वरचा थर निवडलेला असतो म्हणून कुणी बंद पेटी विकत घेत नाही. हात खाली घालून बघतो. ‘राजी’ला पैसे मिळाले नाहीत, हा डेमोचा दोष ठरत नाही, गिऱ्हाइकाला ‘नको’ म्हणता येणं हाच तर नमुन्याचा अर्थ. २०१५पासून स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात दोन तासांहून कमी खेळलेला गेम चौदा दिवसांत परत करता येतो, असंही तो सुचवेल. पण तिथे आधी खिसा मोकळा करावा लागतो. म्हणून माझा नियम एवढाच : आगाऊ पैसे घेणाऱ्याने डेमो द्यावा, आणि ज्या यंत्रासाठी पैसे घेतले त्याच यंत्रावर द्यावा. गेम पुरा करून मगच विकणाऱ्या लहान कारागिराला सक्ती नको.

“आणि सांडलेल्याचा हिशेब?”

“दुकानाने धरावा. स्टीम विक्रीतला साधारण ३० टक्के वाटा घेतं. अडत घेणाऱ्याने तूटही सोसावी.”

“सर, अडत्याने तूट सोसलेली तुम्ही कुठल्या सौद्यात पाहिलीत?”