वेळापत्रक आणि वचन

बंधू-भगिनींनो, मशिदीच्या भिंतीवरील नमाजांच्या वेळांचे कायमस्वरूपी वेळापत्रक आपण रोज पाहतो. त्यावर साल नसते. पुढच्या जानेवारीतील फजरची वेळ आजच ठाऊक असते. कारण सूरह यासीननुसार सूर्य-चंद्र आपापल्या कक्षेतच संचार करतात आणि सूरह फातिरनुसार अल्लाहच्या रीतीत बदल आढळत नाही. ईदच्या चंद्राविषयीचे वाद आपल्या दृष्टीचे आहेत. चंद्राने वेळ चुकविलेली नाही.

त्याच अल्लाहने सूरह हूदमध्ये प्रत्येक जीवाच्या उपजीविकेची हमी घेतली आहे. अर्थात, हदीसमधील पक्षीही सकाळी उपाशीपोटी घरट्याबाहेर पडतो, तेव्हाच सायंकाळी तृप्त होऊन परततो. मग वेळापत्रकावर विसंबून निःशंकपणे रोजा सोडणारे आपण, या हमीवर विसंबून व्याज सोडताना का कचरतो? 'धंदा कसा चालेल?' हा प्रश्न मजपुढे वारंवार येतो. सूरह बकरातील 268 व्या आयतीत सैतान दारिद्र्याची भीती घालतो, तर अल्लाह क्षमेचे व कृपेचे वचन देतो. व्याजाच्या निषेधाची आयत 275 वी आहे. आधी ती भीती कोणाची हे सांगितले गेले, मग व्याजाचा विषय निघाला.