एकटा, पण भरल्या घरात

शहरातल्या एकट्या माणसाचा गुन्हेपट म्हटलं की मार्टिन स्कॉर्सेसीचा ‘टॅक्सी ड्रायव्हर’ (१९७६) आठवतो. त्यातल्या ट्रॅव्हिस बिकलला झोप येत नाही, म्हणून तो न्यूयॉर्कमध्ये रात्रभर टॅक्सी चालवतो आणि आईवडिलांना खोटंच कळवतो की आपण सरकारच्या गुप्त कामावर आहोत. त्याला ओळखणारं शहरात कुणी नाही, म्हणून हे खोटं खपतं. आपल्याकडे ते आठवडाभरही टिकलं नसतं. इथे एकट्या माणसाभोवती माणसं भरपूर असतात. त्यांच्यापुढे तोंड उघडत नाही, हे त्याचं दुखणं असतं.

निखिल महाजनच्या ‘पुणे ५२’मधला (२०१३) अमर आपटे १९९२च्या पुण्यातला खाजगी गुप्तहेर. लोकांची लफडी कॅमेऱ्यात पकडून तो पोट भरतो. अमेरिकी चित्रपटांतला गुप्तहेर कामावरून रिकाम्या खोलीत परततो. आपटे परततो तो बायकोसमोर आणि पैशांच्या चणचणीत. परक्यांचे संसार त्याला आरपार दिसतात, स्वतःच्या संसारात मात्र शब्द सापडत नाही. देवाशिष मखिजाच्या ‘भोंसले’त (२०१८) हे आणखी गडद होतं. सुरुवातीलाच एकीकडे गणपतीच्या मूर्ती सजताना दिसतात, दुसरीकडे मनोज बाजपेयीचा भोंसले पोलिसाची वर्दी उतरवतो. वर्दी गेली की चाळीच्या लेखी तो नुसता म्हातारा. टॅक्सीवाला इथेही आहे, विलास. पण बिकलचा राग साऱ्या शहरावर, विलासचा परप्रांतीयांवर. त्याला पाठीशी जमाव हवा असतो. एकट्याची जमावात जागा मिळवण्याची ही धडपड मला बिकलच्या पिस्तुलापेक्षा जास्त भयंकर वाटते.

अनुराग कश्यपच्या ‘रमण राघव २.०’मधला (२०१६) खुनी रमण्णा तर कुणाचाच नाही, असं कुणी म्हणेल. पण त्या चित्रपटाचा सर्वांत अंगावर येणारा भाग बहिणीच्या घरात घडतो. मारायला कुणी परका मिळाला नसता असं थोडंच होतं? दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: घर आलं की तो कौटुंबिक चित्रपट झाला, गुन्हेपट कसला? मला वाटतं, या प्रकाराचा जीव खुनात नसतोच. आपल्याच गावात, आपल्याच माणसांत परका झालेला माणूस हा त्याचा जीव आहे. महाजनच्याच ‘गोदावरी’त तो नाशिकला सापडतो. जितेंद्र जोशीचा निशिकांत वाड्यांचं भाडं गोळा करत फिरतो. बायको, मुलगी, आईवडील त्याच गावात, आणि हा नदीकाठी वेगळा राहतो. नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी लागलं यावरून पूर ओळखणारं हे गाव. इथे कुणी अनोळखी राहूच शकत नाही, आणि निशिकांतची घुसमट नेमकी तिथेच आहे. म्हणून चित्रपटात गुन्हा नसतानाही मी त्याला याच रांगेत बसवतो. ‘पुणे ५२’ आणि ‘गोदावरी’ लागोपाठ, याच क्रमाने पाहा.