सोवळे कोणासाठी?

भीमा-अमरजेच्या संगमावर स्नान करून ओलेत्याने गाणगापूरच्या दत्तमंदिराकडे निघालेल्या भाविकास सोवळे म्हणजे काय, हे सांगावयास नको. दुसऱ्याच्या स्पर्शाने आपण विटाळू नये, हा त्यातील भाव. त्याच कलबुर्गी जिल्ह्यात, १९८० साली स्थापन झालेल्या गुलबर्गा विद्यापीठात, सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना निराळे सोवळे शिकावे लागते. काचेच्या बशीत वाढविलेले रोगजंतू काम संपताच दाबाखालील वाफेत, १२१ अंश सेल्सिअसवर, निदान पंधरा मिनिटे ठेवावयाचे; मगच टाकावयाचे. यात स्वतःचे रक्षण आहेच; पण अधिक आहे ते न पाहिलेल्या माणसाचे.

निष्काळजीपणाने प्राणघातक रोग पसरू देणाऱ्यास भारतीय न्याय संहितेचे २७१ वे कलम सहा महिन्यांपर्यंत कारावास सांगते. परंतु रात्री एकट्या विद्यार्थ्याने त्यांतील पाच मिनिटे चुकविली, तर साक्षीस कोण येणार? आम्ही वकील तेथे निरुपाय होतो. कायदा जेथे थांबतो, तेथेच धर्माची कसोटी लागते, असे आम्हांस वाटते.

संगमात बुडी मारताना, आपल्या मागून येणाऱ्याच्या ओंजळीत कसले पाणी जाईल, हा विचार ज्याच्या मनास शिवतो, तोच आमच्या मते खरा सोवळा.