भ्यावे कोणाला, हसावे कोणाला?

दिवाळीच्या सुट्टीत फराळाची ताटे पुढे घेऊन घरची मंडळी एखादा चित्रपट पाहावयास बसली, की आमच्याकडे हटकून वाद होतो. मला दोनच प्रकारचे चित्रपट मनापासून आवडतात. एक भुताखेतांचे, आणि दुसरे तिरकस, तऱ्हेवाईक विनोदाचे. "कादंबऱ्या लिहिता, मुलांना सुभाषिते शिकवता, आणि पाहता काय, तर हे!" असा आमच्या सौभाग्यवतींचा दरवर्षीचा आहेर. या बोलण्याला एकदा नीट उत्तर द्यावे म्हणून मी विचार करू लागलो, आणि उत्तर शोधता शोधता माझ्याच एका जुन्या अपराधापाशी येऊन थांबलो.

माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. रसचर्चा हा काही माझा प्रांत नव्हे. तरी भरताने नाट्यशास्त्रात हास्य आणि भयानक यांना आठ रसांच्या पंगतीत शृंगार-वीरांच्या शेजारीच पाट मांडला आहे, एवढे मला ठाऊक आहे. हास्याच्या तर त्याने स्मितापासून अतिहसितापर्यंत सहा पायऱ्या केल्या, आणि उत्तम माणूस कसा हसतो व अधम कसा हसतो हेही सांगून ठेवले. तेव्हा भिण्यात किंवा हसण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. पडद्यावरचे भूत खाली उतरणार नाही, अशी खात्री असते म्हणून तर अंधारात बसून भिण्याची मौज वाटते. पण भुताचे एक असते; ते पडद्यावरच राहते. भीती मात्र आपल्याबरोबर घरी येते.

मी दहा वर्षांचा असेन. गावच्या जत्रेत तंबूतला सिनेमा आला होता. त्या चित्रपटात मोकळ्या पांढऱ्या केसांची, कमरेत वाकलेली एक हडळ होती. आमच्या वाडीच्या टोकाला एक म्हातारी एकटीच राहात असे. तिचेही केस पांढरे आणि कंबर वाकलेली. दुसऱ्याच दिवशी आम्ही पोरांनी तिचे बारसे करून टाकले. तिच्या अंगणात खडे टाकून पळत सुटायचे, हा आमचा नवा खेळ झाला.

त्याच पावसाळ्यातली गोष्ट. दिवेलागणीनंतर मी दुकानातून एकटाच परत येत होतो. तिच्या परसातून हाक आली, "कोण आहे रे? जरा इकडं ये रे." रात्रीच्या हाकेला ओ देऊ नये, असे आम्हांला लहानपणापासून शिकविलेले. मी जो धूम पळालो तो घरी येऊन घोंगडीत शिरलो. कोणाला एका शब्दाने बोललो नाही. ती विहिरीच्या पायरीवरून घसरून पडली होती. सकाळी दूधवाल्याने तिला पाहिले. खुबा मोडला होता. त्यानंतर ती उठून चालली नाही. आई तिला पेज घेऊन जाई. एकदा मीही आईच्या मागे उभा होतो. म्हातारी सांगत होती, "रात्री कुणाचं तरी पोर पळत गेलं गं. भ्यालं असेल बिचारं."

मी ओळख दिली नाही. आज पंचेचाळिशी उलटली, तरी दिलेली नाही.

पुढे 2018 साली 'तुंबाड' आला. त्याचे नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीवरून घेतलेले. कथा 1918 पासून 1947 पर्यंतची, कोकणातल्या पावसात भिजलेली. त्यातही एक भयंकर म्हातारी आहे. पहिल्यांदा ती दिसते तेव्हा अंगावर काटा येतो. पण नायक मोठा होऊन त्या वाड्यात परततो, तेव्हा ती तशीच जिवंत असते. अंगातून झाड उगवलेले, आणि मरण मागत असलेली. सोन्याच्या हव्यासाने तिची ही दशा केली आहे, आणि समोर उभा असलेला तरुण तोच हव्यास पोटात घेऊन आला आहे! तेथे माझी भीती जागा बदलून त्याच्याकडे, आणि त्याच्यावरून माझ्याकडे वळली. तो चित्रपट पाहून आल्यावर मी त्या रात्री फार वेळ जागा होतो. हस्तराच्या भयाने नव्हे.

हसण्याचेही असेच आहे. गेल्या वर्षी शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलांनी एक नाटुकले केले. त्यात बोबड्या, अडखळत बोलणाऱ्या गड्याचे सोंग होते. सारा मांडव हसला. मीही पोट धरून हसलो. सहज बाजूला पाहिले, तर तिसऱ्या रांगेत आमचा एक विद्यार्थी बसला होता. वर्गात धडा वाचताना त्याची जीभ अडते. सर्वांत मोठ्याने तोच हसत होता. बिचाऱ्याला दुसरा इलाज काय होता?

याच्या शेजारी कुंदन शहांचा 1983 सालचा 'जाने भी दो यारो' ठेवून पाहा. दोन भोळे छायाचित्रकार, लाचखाऊ अधिकारी, एकमेकांवर उठलेले बिल्डर, आणि सर्वांना नाचविणारे एक प्रेत! ते प्रेत महाभारताच्या नाटकात द्रौपदी होऊन उभे राहते, तेव्हा हसून हसून डोळ्यांतून पाणी येते. पण त्या हसण्यात गरिबाची किंवा अपंगाची थट्टा नाही. थट्टा आहे ती पूल पाडणाऱ्या धनवंतांची. आणि शेवटी सारे बडे एक होतात, त्या दोघा निरपराधांना तुरुंगात जावे लागते, कैद्यांच्या वेषात ते आपल्याकडे पाहून गळा कापल्याची खूण करतात, आणि आपले हसू ओठांवरच थिजते. आतापर्यंत हे सारे चालू दिले ते आपणच, हे ध्यानी येते.

म्हणून चित्रपट भयाचा की विनोदाचा, उच्च अभिरुचीचा की हलका, हा वाद मी आता घालीत नाही. भरतमुनींची क्षमा मागून मी हास्याची आणि भयाची माझी स्वतंत्र पायरी ठरविली आहे. जो चित्रपट मला दुबळ्याची भीती वाटावयास लावतो आणि दुबळ्यालाच हसावयास शिकवितो, तो कितीही रंगला तरी खालच्या पायरीवरचा. जो मला माझ्या लोभाची भीती घालतो आणि माजलेल्याला हसण्याचे धैर्य देतो, तो वरचा. सौभाग्यवतींना हे उत्तर पटले की नाही कोण जाणे. त्यांनी चकलीचे ताट मात्र पुढे सरकविले.

यंदाही आम्ही भुताचा चित्रपट पाहणार आहोत. तो संपल्यावर मुले अंगणात जायला भितील आणि माझा हात धरतील. मी बॅटरी घेऊन त्यांच्याबरोबर जाईन, आणि मला लहानपणी शिकविले त्याच्या नेमके उलट त्यांना सांगेन: रात्री हाक आली, तर आधी ओ द्यावी. भूत निघाले, तर भ्यायला मागाहून वेळ आहेच.